काटा

दोन खेपा मिळून नऊ वर्षं मी त्यांचं बोलणं उतरवलं.
आधी गडहिंग्लजला, नंतर कोल्हापुरात,
मधली वर्षं त्या धुळे, लातूर, परभणी,
हिरव्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव: सौ. नाही, कु. नाही,
नुसतं सु. आ. मगदूम.

लघुलिपीत सगळ्याला खूण असते.
दाव्याला, कैफियतीला, द.सा.द.शे. बारा टक्क्यांना.
मॅडमच्या गप्प बसण्याला नव्हती.
मी आपला समासात एक टिंब द्यायचो.
काही निकालांचा समास
माश्या बसल्यासारखा दिसतो.

वडील शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर तोलाईदार.
शाळा सुटली की मुलगी रव्यांच्या थप्पीवर बसून पाढे म्हणायची,
फ्रॉकला मागून चिकटा, मुंग्या घरापर्यंत सोबत.
अडत्यानं घाईनं आकडा पुकारला
की आण्णाप्पा हात वर करायचे:
“काटा थांबूदे की, मालक.”
हे त्यांनी मला एकदाच सांगितलं,
वीज गेली होती, पंखा हळूहळू थांबत होता,
दोघंही तिकडंच बघत होतो.

वकील वैतागायचे. घड्याळं बघायचे.
चेक परत आलेले, भागीदारी फुटलेली,
हुपरीची चांदी कुणाच्या खात्यावर कमी भरलेली,
एवढ्याशा गोष्टीला एवढा वेळ?
“मुजावर, ‘निःसंशय’ खोडा.
संशय नसता तर ही माणसं इथं कशाला आली असती?”

हंगामात कुणी गुळाचा रवा घरी पाठवला
तर तो शिपायाच्या डोक्यावरून कोर्टात यायचा,
रोजनाम्यात नोंद होऊन परत जायचा.
नऊ वर्षांत त्यांचा चहा मी गोड पाहिला नाही.
निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी मात्र मार्केट यार्डात
पाच किलोच्या रव्यावर त्यांनी अशी घासाघीस केली
की हमाल हसायला लागले,
आणि काट्याकडे वाकून बघितलं, चष्मा काढून.

आता टिपुगडे बंधूंचं.
शिरोलीची फाउंड्री, वाटणीत सगळं निघालं:
भट्टी, क्रेन, येणी, देणी, बापाची जुनी फियाट.
अडलं ते एका सागवानी पॅटर्नवर.
बापानं स्वतः रंध्यानं घासलेला,
त्यावरून पहिला पंप ओतला होता.
कोर्टात आणला तेव्हा त्याच्या खाचेतून
काळी वाळू माझ्या वहीवर सांडली.
मॅडमनी त्यावर तळहात ठेवला.
मी सात टिंबं दिली. आठवं देताना त्या बोलल्या:
“परिशिष्ट ब, अनुक्रमांक एकोणीस.
मूल्यांकन रुपये तीनशे चाळीस.
ताबा थोरल्याकडे. धाकट्यास रुपये एकशे सत्तर.”
आवाज नेहमीचाच.

कायद्यानं बरोबर. अपिलातही टिकलं.
ते एकशे सत्तर धाकट्यानं कधी उचलले नाहीत,
कोर्टाच्या ठेवीत अजून पडून आहेत.

शनिवारी मी नागाळा पार्कात जातो.
त्या पेपर वाचून दाखवायला लावतात,
डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून.
गेल्या खेपेला मधेच म्हणाल्या,
“मुजावर, त्या पॅटर्नचं पुढं काय झालं हो?”

मला माहीत आहे काय झालं.
थोरल्याची फाउंड्री बंद पडली,
आणि हायवेच्या एका धाब्यात, काउंटरच्या मागं,
सोनेरी रंग मारून त्यांनी तो भिंतीवर टांगलाय.
लोक त्याला कसलं तरी वाद्य समजतात.

“चौकशी करतो,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं,
साक्षीदाराकडं पाहायच्या तसं,
पण काही विचारलं नाही.
बशीत गुळाचा खडा होता.
वही नव्हती,
तरी माझ्या अंगठ्यानं टेबलावर
एक टिंब दिलं. मग दुसरं.